बेसिनवरचा आरसा

न्हाणीघराचे काम काढले की आरशाचा विचार बहुतेक घरांत सगळ्यांत शेवटी होतो. टाइल्स बसतात, नळ लागतात, गिझर चढतो आणि मग प्लंबर जाता जाता बेसिनच्या वर चार भोके पाडून आरसा अडकवून मोकळा होतो. उंची ठरते ती त्याच्या स्वतःच्या डोळ्यांवरून, नाहीतर टाइलच्या सांध्यावरून. पुढची कित्येक वर्षे त्या घरात कोणी टाचा उंचावून भांग पाडते, तर कोणी गुडघ्यांत वाकून दाढी करते.

आरसा किती मोठा हवा, याचे उत्तर शाळेतल्या भौतिकशास्त्रात आहे. सपाट आरशात स्वतःचा जेवढा भाग पाहायचा, त्याच्या निम्म्या उंचीचा आरसा पुरतो. मागे सरकले की जास्त दिसते, हा समज मात्र घट्ट रुजलेला आहे. भिंतीला सरळ टेकलेल्या आरशात तसे होत नाही. दोन पावले मागे गेले तरी आरशाच्या खालच्या कडेशी शर्टाचे तेच बटण दिसत राहते. म्हणून आरशाची वरची कड उंच माणसाच्या डोळे आणि टाळू यांच्या मधोमध किंवा त्याहून थोडी वर हवी. खालची कड घरातल्या बुटक्या माणसाचे डोळे आणि त्याला जिथपर्यंत पाहायचे ती जागा, यांच्या मधोमध यायला हवी.

एक घर घेऊन हा हिशेब करता येतो. वडिलांची उंची १७८ सेंटिमीटर, त्यांचे डोळे साधारण १६७ वर. त्यांना टाळूपर्यंत दिसायचे तर वरची कड निदान १७२.५ सेंटिमीटरवर हवी. आजीची उंची १४८, डोळे १३७ वर. गळ्यातले मंगळसूत्र नीट करण्यापुरते, म्हणजे जमिनीपासून ११० सेंटिमीटरपर्यंत तिला दिसायला हवे, तर खालची कड १२३ च्या वर जाऊन चालत नाही. पहिलीतल्या मुलाची उंची ११५, डोळे १०४ वर आणि हनुवटी ९५ च्या आसपास. त्याला दात घासताना तोंड दिसायचे तर खालची कड १०० वर यावी लागते. म्हणजे या घराला १०० पासून १७५ पर्यंतचा, साधारण ३० इंच उंचीचा आरसा लागतो. बेसिनची कड जमिनीपासून ८० ते ८५ सेंटिमीटरवर असते, तेव्हा मध्ये १५-२० सेंटिमीटर जागाही उरते.

प्रत्यक्षात घरी येतो तो १८ बाय २४ इंचांचा तयार आरसा. तो तसा वाईट नाही, वाईट असते ती त्याच्याखाली लावलेली काचेची फळी. टूथब्रशचा पेला, पेस्ट आणि दाढीचे सामान ठेवायला ही फळी बेसिन आणि आरसा यांच्या मध्ये येते आणि आरशाला वर ढकलते. खालची कड १३५ सेंटिमीटरवर गेली की त्याच आजीला आरशात नाकाच्या शेंड्याखालचे काही दिसत नाही. वरची कड १९५ वर जाते आणि तिथली निम्मी-अर्धी काच छत दाखवण्यापलीकडे काही करत नाही. फळी आरशाच्या बाजूला लावली की हा प्रश्न मिटतो. आरशाचे कपाट घेतले तर सामान आत जाते, पण ते भिंतीपासून चार-पाच इंच पुढे येते आणि चूळ भरून मान वर करताना कपाळ त्यावर आपटू शकते. भिंतीपासून फार पुढे न येणाऱ्या बेसिनवर असे कपाट लावू नये.

आरसा बदलायचा असेल तर जुन्या आरशाकडे आधी नीट पाहावे. कडेला चिकटवून ठेवलेल्या टिकल्या कोणत्या उंचीवर आहेत, त्यावरून घरातल्या बाईचे डोळे कुठे येतात ते कळते. पेस्टचे पांढरे शिंतोडे कुठवर चढले आहेत, त्यावरून खालची कड किती वर हवी तेही समजते. मग नव्या आरशाच्या मापाचा कागद (रद्दीतले वर्तमानपत्र चालते) भिंतीवर चिकटपट्टीने लावून घरातल्या सगळ्यांना त्याच्यापुढे उभे करावे. भोके पाडण्याआधी दोन-तीन दिवस तो तसाच राहू द्यावा.

रुंदीचा प्रश्न त्या मानाने सोपा आहे. एकाला ४५ सेंटिमीटर पुष्कळ झाले. सकाळी शाळा-ऑफिसच्या घाईत दोघे शेजारी उभे राहत असतील तर ६० ते ७५ लागतात. आरशाचा मध्य बेसिनच्या नळाशी जुळवावा, भिंतीच्या मध्याशी नव्हे. बेसिनपेक्षा फार रुंद आरसा लहान न्हाणीघरात खोली मोठी दाखवतो खरा, पण दार उघडताच आतले कमोडही बाहेरच्या जेवणाच्या टेबलापर्यंत पोचवतो. कागद लावलेला असतानाच दार उघडून हे तपासावे. वास्तुशास्त्रानुसार आरसा उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या भिंतीवर हवा, असे सांगितले जाते. फ्लॅटमध्ये मात्र सांडपाण्याची नळी जिथे असेल तिथे बेसिन आणि बेसिन असेल तिथे आरसा, एवढाच पर्याय बिल्डरने ठेवलेला असतो.

उजेड चेहऱ्यावर पडायला हवा, आरशावर नव्हे. आरशाच्या डोक्यावर एकच दिवा असला की डोळ्यांखाली आणि हनुवटीखाली सावल्या पडतात आणि दाढी अर्धवट राहते. दोन्ही बाजूंना डोळ्यांच्या उंचीवर दिवे असतील तर उत्तम. ते जमत नसेल तर आरशाच्या रुंदीएवढी लांब दिव्याची पट्टी थोडी पुढे काढून लावावी. पाठीमागे खिडकी असेल तर दिवसा चेहरा काळपट दिसतो, तोच उजेड बाजूने आला तर सगळ्यांत चांगला. जुन्या घरांत न्हाणीत आरसा नसायचाच. दाढीचा आरसा खिडकीच्या गजाला टांगलेला असे आणि कुंकवाचा आरसा फणेरपेटीच्या झाकणात. ती व्यवस्था उजेडाच्या दृष्टीने आजच्यापेक्षा शहाणपणाची होती.

ज्यांना चष्म्याशिवाय लांबचे दिसत नाही, त्यांच्यासाठी आणखी एक अडचण असते. बेसिनमुळे माणूस आरशापासून अर्धा मीटर तरी दूर उभा राहतो आणि प्रतिमा त्याच्या दुप्पट, म्हणजे एक मीटरवर असते. चष्मा काढून दाढी करताना ती धूसरच दिसणार. अशांनी बाजूच्या भिंतीवर पुढे ओढता येणारा लहान अंतर्वक्र आरसा लावून घ्यावा.

काच चार मिलिमीटरपेक्षा पातळ नसावी. मोठ्या आरशाला पाच बरी, पण ती प्रत्येक चौरस मीटरला साडेबारा किलो भरते. ६० बाय ७५ सेंटिमीटरचा आरसा त्यामुळे साडेपाच किलोंच्या पुढे जातो. तो नुसत्या चिकटपट्टीवर सोडू नये. भोके पाडताना अँगल कॉकच्या सरळ वरची रेघ टाळावी, कारण भिंतीतले पाण्याचे पाइप बहुधा त्याच रेषेत चढलेले असतात. पोकळ वाजणाऱ्या टाइलवर ड्रिल धरू नये. चारी कडांना तिरका उतार दिलेला आरसा दुकानात झोकदार दिसतो, पण त्या उतारात प्रतिमा तुटते. एक इंचाचा उतार असेल तर उंची आणि रुंदी दोन्हींतून दोन-दोन इंच वजा धरावेत.

आरसा जुना दिसू लागतो तो कडांपासून. काचेच्या मागे चांदीचा अतिशय पातळ थर असतो. ही पद्धत जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग यांच्या १८३५ मधल्या शोधावर उभी आहे. त्या थरावर रंगाचे संरक्षण असले तरी कापलेली कड उघडीच राहते. तिथून ओल शिरते आणि काळे डाग आत सरकू लागतात. कोकणातल्या दमट, खाऱ्या हवेत हे लवकर होते. कडा बंद करून घ्याव्यात आणि आरसा भिंतीला अगदी चिकटवू नये, मागे दोन-तीन मिलिमीटर हवा खेळती ठेवावी. व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन मागच्या थराला खाते. काचवाल्याकडून न्यूट्रल सिलिकॉन मागून घ्यावे. टाइल्स धुवायचे ॲसिड वापरताना खिडकी उघडी ठेवावी, कारण त्याची वाफही चांदीला बाधते.

गरम पाण्याच्या वाफेने आरसा धूसर होतो, त्यावर खरा उपाय एक्झॉस्ट फॅन. मागे तापणारी चकती असलेले किंवा दिव्याचे आरसेही मिळतात. त्यांची वायर पाणी उडणाऱ्या जागेपासून दूर आणि ईएलसीबी (वीजगळती होताच प्रवाह तोडणारा स्विच) असलेल्या जोडणीवरच हवी. बोअरच्या पाण्याचे क्षार काचेवर पांढरे ठिपके सोडतात, ते पाण्यात थोडे व्हिनेगर घालून, फडका ओला करून पुसावेत. स्प्रे थेट आरशावर मारला तर थेंब ओघळून खालच्या कडेत साचतात, आणि डाग पडायला सुरुवात बहुतेक वेळा त्याच कडेपासून होते.