खुबा वाचवायचा की विकत घ्यायचा?

आरोग्यव्यवस्था कोणासाठी उभी आहे, हे तिच्या रुग्णालयांच्या इमारतींवरून कळत नाही. ती आपला पैसा आजाराच्या कोणत्या टप्प्यावर खर्च करते, त्यावरून कळते. खुब्याच्या सांध्यातील अस्थिमृत्यू, ज्याला डॉक्टर मंडळी ‘एव्हीएन’ म्हणतात, हा याचा बोलका दाखला आहे.

मांडीच्या हाडाच्या चेंडूसारख्या डोक्याला रक्त पोचविणाऱ्या वाहिन्या मोजक्याच असतात. हाडाची मान मोडली, स्टेरॉइडचा मारा झाला, मद्यपानाचा अतिरेक झाला, की हा पुरवठा तुटू शकतो आणि हाड आतून मरू लागते. 2021 साली करोनातून बऱ्या झालेल्या काही रुग्णांत मुंबईच्या डॉक्टरांना हा विकार आढळला, तेव्हा वृत्तपत्रांनी त्याची दखल घेतली. पूर्व विदर्भात मात्र तो त्याच्या कितीतरी आधीपासून ठाण मांडून आहे. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा या जिल्ह्यांतील आदिवासी व दलित समाजांत सिकलसेलचे प्रमाण मोठे आहे. विळ्याच्या आकाराच्या रक्तपेशी सूक्ष्म वाहिन्या तुंबवतात आणि ऐन विशी-तिशीत खुबा निकामी होऊ शकतो.

डोके खचण्यापूर्वी निदान झाले, तर स्वतःचा सांधा राखण्याचे मार्ग आहेत. हाडाला छिद्र पाडून आतील दाब कमी करणे, त्या जागी अस्थिमज्जेतील पेशी भरणे, पायाच्या नळीतील हाड रक्तवाहिनीसह तेथे रोवणे, अथवा हाड कापून त्याचा निरोगी भाग भाराखाली आणणे, हे त्यांतील प्रमुख होत. यांपैकी एकही रामबाण नाही. सिकलसेलच्या रुग्णांवरील 2006 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सरासरी तीन वर्षांनंतर छिद्राची शस्त्रक्रिया निव्वळ व्यायामोपचारापेक्षा सरस ठरली नाही. परंतु यातून निघणारा निष्कर्ष उपचार सोडून देण्याचा नव्हे. शस्त्रक्रिया असो वा व्यायाम, निवडीला वाव राहतो तो वेळेवर निदान झाले तरच. आणि आरंभीच्या अवस्थेत साध्या क्ष-किरण चित्रात काहीच दिसत नाही, त्यासाठी एमआरआय लागतो.

नेमकी येथेच व्यवस्थेची गोम आहे. सरकारी विम्याचा भर रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांवर आहे. बाह्यरुग्ण विभागातील तपासणीचा भार रुग्णाच्या खिशावर पडतो. मजूर जांघेतील दुखणे गोळ्यांवर काढतो, डोके खचते, आणि मग कृत्रिम सांध्याखेरीज पर्याय उरत नाही. वाचविण्यासाठी पैसा नाही, बदलण्यासाठी आहे! सांध्याच्या बाजारपेठेला हे सोयीचेच. 2017 साली केंद्राने गुडघ्याच्या कृत्रिम सांध्याच्या किमतीवर मर्यादा घातली. त्या आदेशात खुब्याचा समावेश नव्हता.

खचलेल्या खुब्याला कृत्रिम सांधा हे वरदानच आहे, याविषयी वाद नाही. तथापि 2019 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार असे सुमारे 58 टक्के सांधे 25 वर्षे टिकतात. सत्तरीच्या वृद्धाला हे पुष्कळ झाले. पंचविशीतल्या तरुणापुढे मात्र दुसऱ्या, अधिक अवघड शस्त्रक्रियेची टांगती तलवार राहते. शिवाय धानाची रोवणी करणाऱ्या वा तेंदूपाने गोळा करणाऱ्या माणसाचे दिवसभराचे वाकणे आणि उकिडवे बसणे हे त्या सांध्याला मानवणारे नव्हे. उलट, सांधा राखण्याच्या शस्त्रक्रियेनंतर अनेक आठवडे पायावर भार टाकता येत नाही. ज्याची चूल रोजच्या मजुरीवर पेटते, त्याने ते आठवडे काढावेत कसे?

2023 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय अभियानाने सिकलसेलसाठी 7 कोटी लोकांच्या रक्ततपासणीचे लक्ष्य ठेवले. रक्त तपासून हाती कार्ड देणे ही सुरुवात आहे, उपचार नव्हे. म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात: सिकलसेल रुग्णाच्या खुब्यात दुखू लागताच जिल्हा रुग्णालयात मोफत एमआरआय व व्यायामोपचार; शस्त्रक्रियेनंतरच्या सक्तीच्या विश्रांतीत निर्वाहभत्ता; आणि खुब्याच्या सांध्याच्या किमतीवर मर्यादा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे. त्या आधारे तालुक्या-तालुक्यात या मागण्या रेटणे हे कार्यकर्त्यांचे काम आहे. श्रमिकाचे शरीर हेच त्याचे एकमेव भांडवल; ते मोडेपर्यंत वाट पाहणारी व्यवस्था काटकसरी नव्हे, निष्ठुर आहे.