वडिलांच्या हाती पाना



सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांनी मुलाच्या हौसेखातर भंगारातील सुट्या भागांतून एक छोटी जीप घडवली. खर्च सुमारे ६० हजार रुपये; इंजिन दुचाकीसारखे किक मारून सुरू होणारे. डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्रा यांनी तिचे कौतुक केले आणि पुढच्याच महिन्यात तिच्या बदल्यात त्या कुटुंबाला नवी बोलेरो मिळाली. बातमी बोलेरोची झाली. आम्हाला मात्र ती जीप घडत असतानाचे दिवस अधिक मोलाचे वाटतात.

आपल्या कंधार परिसरातही कुणाच्या गोठ्याशेजारी, कुणाच्या लिंबाखाली एखादी जुनी जीप वा राजदूत धूळ खात उभी असते. वडील सत्तरीत, मुलगा चाळिशीत. दोघांचे बोलणे औषधांच्या वेळांपुरते उरलेले. अशा घरी ती गाडी भंगारवाल्याला देण्यापूर्वी वडिलांना एकदा विचारावे. विस्मरणाच्या आजारात सकाळचा चहा झाला की नाही हे आठवेनासे होते. परंतु वर्षानुवर्षे हातांनी केलेल्या कामाची स्मृती निराळी असते आणि आजाराच्या सुरुवातीच्या काळात ती बरीच टिकून राहते. प्लग कसा साफ करावा हे त्यांना शब्दांत सांगता येणार नाही, पण हाती पाना दिला तर बोटे आपसूक वळतात. मुलाने उतावीळपणे तो पाना काढून घेऊ नये, एवढेच पथ्य.

काही पथ्ये मात्र कडक आहेत. नळी तोंडाला लावून पेट्रोल ओढण्याची जुनी खोड आजही दिसते. पेट्रोल श्वासनलिकेत गेल्यास फुप्फुसांना गंभीर इजा होते. असे घडल्यास उलटी मुळीच करवू नये, तत्काळ रुग्णालय गाठावे. बंद खोलीत इंजिन सुरू ठेवू नये. त्या धुरातील विषारी वायूला वास नसतो. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरू नये. मधुमेही वडिलांनी अनवाणी वावरू नये आणि कामाच्या नादात जेवणाची वेळ चुकवू नये.

खरा पेच गाडी सुरू झाल्यावर उभा राहतो. चालवणार कोण? पंचावन्न वर्षांनंतर परवान्याचे नूतनीकरण एका वेळी पाचच वर्षांसाठी होते आणि डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागते. परंतु मधल्या काळात मोतीबिंदू वाढतो, पावलांची संवेदना मंदावते, ब्रेक किती दाबला हे उमगत नाही. विस्मरणाचे निदान झाले असेल तर गाडी चालवण्याविषयी डॉक्टरांना स्पष्ट विचारावे. किल्ली लपवून ठेवणाऱ्या मुलांविषयी आम्हाला सहानुभूती आहे, पण तो मार्ग पटत नाही. वडिलांना ते कळते आणि लागते.

येथे शर्यतीचा एक प्रकार उपयोगी पडतो. काही मोटार रॅलींमध्ये वेगाला महत्त्व नसते. ठरवून दिलेल्या सरासरी गतीने नेमक्या वेळी टप्पा गाठायचा. उशिरा पोहोचले तरी दंड, लवकर पोहोचले तरी दंड. त्यात चालकाइतकाच शेजारी बसून घड्याळ पाहणारा वाटाड्या महत्त्वाचा. मुलाने चक्र सांभाळावे, वडिलांनी वेळ. गाडीला १५ वर्षे उलटली असल्यास आधी नोंदणीचे नूतनीकरण आणि विमा करून घ्यावा. मग एखाद्या सकाळी, रहदारी वाढण्यापूर्वी, वेगमर्यादेत राहून कंधार ते लोहा हा टप्पा घ्यावा. घड्याळ मोठ्या आकड्यांचे असावे, पाण्याची बाटली सोबत असावी आणि वडील ‘हळू’ म्हणाले की मुलाने हळू करावे.