आराखडा गावाचा, सातबारा कोणाचा?

पंचायत समितीच्या कचेरीत घरकुलाच्या अर्जासाठी खेटे घालणाऱ्या पाथर्डीच्या किंवा जामखेडच्या शेतमजुराला अल्बर्ट मेयर हे नाव ठाऊक असण्याचे काही कारण नाही. परंतु ज्या गटविकास अधिकाऱ्याच्या दाराशी तो तिष्ठत उभा असतो, ज्या ग्रामसेवकाच्या दाखल्यावाचून त्याचे पान हलत नाही, त्या साऱ्या यंत्रणेची पहिली आखणी ज्या प्रयोगात झाली तो न्यूयॉर्कच्या या वास्तुशिल्पज्ञाचा होता. अहमदनगर, म्हणजे आजचा अहिल्यानगर, हा आदर्श गावांचा जिल्हा म्हणून देशभर दाखविला जातो. त्या जिल्ह्याने तरी मेयर यांच्या कार्याचा हिशेब नीट मांडायला हवा. कारण त्यांचे यश आणि त्यांची मर्यादा येथे शेजारीशेजारी पाहावयास मिळते.

मेयर यांचा जन्म १८९७ सालचा. शिक्षणाने ते स्थापत्य अभियंता; पुढे वास्तुरचनेकडे वळले. अमेरिकेतील मंदीच्या काळात, नफ्यासाठी घरे बांधणाऱ्यांच्या हाती शहरे सोपविता येणार नाहीत, गृहनिर्माण ही सार्वजनिक जबाबदारी आहे, असे मानणाऱ्या लुई ममफर्ड प्रभृतींच्या वर्तुळात ते वावरले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन लष्कराचे अभियंते म्हणून ते भारतात आले. येथली खेडी पाहून अस्वस्थ झालेल्या या माणसाची १९४५ साली जवाहरलाल नेहरूंशी भेट झाली. आचार्य नरेंद्र देवांसारख्या सहकाऱ्यांसमवेत अहमदनगरच्या किल्ल्यात अडीच वर्षांहून अधिक काळ स्थानबद्ध राहून नेहरू त्याच वर्षी मुक्त झाले होते. स्वतंत्र भारताचे खेडे कसे असावे, हा त्या भेटीतील विषय. त्यातून १९४८ साली इटावा जिल्ह्यात महेवा येथे पथदर्शी प्रकल्प उभा राहिला.

त्याच वर्षी मुंबई महापालिकेचे अभियंते ना. वि. मोडक यांच्या समवेत मेयर यांनी बृहन्मुंबईच्या विकासाची रूपरेषा सादर केली. मुंबईची गर्दी बेटावरच कोंबू नये, खाडीपलीकडे आणि उपनगरांत वस्ती न्यावी, हा तिचा मथितार्थ. चंदीगडचा पहिला आराखडाही त्यांचाच. पण १९५० साली त्यांचे सहकारी मॅथ्यू नोविकी विमान अपघातात मृत्युमुखी पडले आणि ते काम ल कॉर्ब्युझिए यांच्याकडे गेले. वास्तुशास्त्राच्या वर्तुळात मेयर यांच्याविषयी जी हळहळ व्यक्त होते, ती या चंदीगडपायी. एका राजधानीचे श्रेय कोणाला मिळाले याची एवढी चिंता वाहणाऱ्या मंडळींना लाखो खेड्यांचे काय झाले हा प्रश्न पडू नये, हे त्यांच्या वर्गदृष्टीला साजेसेच आहे.

वस्तुतः मेयर यांची थोरवी इटाव्यात आहे. आदर्श खेड्यांचे नकाशे घेऊन ते आले होते. परंतु उपाशी माणसाला सरळ गल्ली आणि हवेशीर खोली यांचे अप्रूप नसते, हे त्यांनी चटकन ओळखले. नकाशे मागे पडले. सुधारित गहू, हिरवळीचे खत, सहकारी वीटभट्ट्या पुढे आल्या. चारपाच गावांमागे एक बहुउद्देशीय ग्रामसेवक नेमावा, त्याने हुकूम न सोडता लोकांचे ऐकून घ्यावे आणि वरच्या अधिकाऱ्यानेही कनिष्ठाचे ऐकावे, असा त्यांचा आग्रह होता. कारभाराच्या पोटात लोकशाही रुजविण्याची ही कल्पना होती. आपल्या कलेचा अहंकार असा बाजूला ठेवणारे वास्तुशिल्पज्ञ विरळाच.

मग घोडे अडले कोठे? सरकारी उत्तर ठरलेले आहे: कर्मचारी कामचुकार निघाले, खेडूत आळशी निघाला. २ ऑक्टोबर १९५२ रोजी अमेरिकेच्या आर्थिक साहाय्याने देशभर ५५ सामुदायिक विकास प्रकल्प सुरू झाले. इटाव्याचा सांगाडा उचलला गेला. ऐकून घेण्याची वृत्ती मात्र इटाव्यातच राहिली. लोकसहभागाचे उद्दिष्ट साधले नाही, हे १९५७ साली बलवंतराय मेहता समितीने नोंदविले आणि त्यातून जिल्हा परिषदांचा मार्ग निघाला. हे सारे खरेच. परंतु रोगाचे मूळ याहून खोल आहे. समाजशास्त्रज्ञ श्यामाचरण दुबे यांनी १९५८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शेतीविस्ताराचे सुमारे ७० टक्के लाभ गावातील वरच्या थराने घेतल्याचे दाखवून दिले. सुधारित बियाण्याला शेत लागते. ज्याला शेतच नाही त्याने बियाणे घेऊन काय करावे? महेव्यात काम सुरू झाले तेव्हा उत्तर प्रदेशात जमीनदारी शाबूत होती. ती मोडण्याचा कायदा १९५१ सालचा. मेयर परकीय पाहुणे होते, जमिनीचे फेरवाटप त्यांच्या हाती नव्हते, हा बचाव मान्य करता येईल. पण ज्यांच्या हाती ते होते, त्यांना मेयर यांचा प्रकल्प इतका प्रिय का झाला? जमिनीला हात न लावता ग्रामोद्धार होतो, असा दिलासा त्यातून मिळत होता म्हणून!

नगर जिल्ह्याचा दाखला पाहावा. भंडारदऱ्याच्या पाण्यावर प्रवरेचा काठ हिरवा झाला. १९५० साली विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला. खासगी भांडवलाच्या मक्तेदारीला ते शेतकऱ्यांनी दिलेले सणसणीत उत्तर होते, यात शंका नाही. मात्र त्या सहकाराचे सभासदत्व उसाच्या शेतातून मिळते. ऊस तोडणाऱ्या हातांना ते नाही. श्रीरामपूर परिसरातील कहाणी तर अधिक बोलकी. खासगी कारखान्यांनी शेतकऱ्यांकडून खंडाने घेतलेल्या जमिनी १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्याखाली सरकारने घेतल्या आणि १९६३ साली शेती महामंडळ स्थापन करून त्याच्याकडे सोपविल्या. मूळ खंडकऱ्यांना त्या परत मिळू लागल्या त्या २०१२ साली, अर्ध्या शतकाच्या लढ्यानंतर. त्याच मळ्यांवर राबलेल्या शेतमजुरांचे नाव मात्र कोणत्याही उताऱ्यावर चढले नाही.

हिवरे बाजारचे उदाहरण या विवेचनाला छेद देते, असे कोणी म्हणेल. उलट ते त्याला पुष्टी देते. तेथील परिवर्तन रंगविलेल्या भिंतींनी घडले नाही. सिंचनासाठी कूपनलिका घ्यायची नाही, उसासारखे पाणीखाऊ पीक लावायचे नाही, उपलब्ध पाणी मोजूनच पिके ठरवायची, अशी बंधने गावाने स्वतःवर घातली. म्हणजे विहिरीच्या मालकाच्या मनमानीला वेसण घातली. मालमत्तेच्या हक्काला असा हात लागला म्हणून पाणी टिकले. शासन मात्र या गावाच्या सहली काढते आणि तो नियम कालव्याखालच्या तालुक्यांना लावण्याचे नाव घेत नाही.

दसरा-दिवाळीच्या सुमारास पाथर्डी-शेवगावकडून कोयते निघतात. एक कोयता म्हणजे एक नवरा-बायको. मुकादमाची उचल अंगावर घेऊन ते कारखान्याच्या परिसरात उतरतात आणि बांबूच्या कामट्या, चटई, पाचट, प्लॅस्टिकचा कागद यांतून एका दिवसात कोपी उभी करतात. दिवाबत्ती नाही, न्हाणीचा आडोसा नाही. पहाटे बाया फडावर जातात तेव्हा तान्ही पोरे उसाच्या सावलीत निजविलेली असतात. ऊसतोड कामगारांच्या नावाने कल्याण महामंडळ निघाले. पण ज्या जागेवर वर्षाचे सहा महिने जातात तेथे पक्का निवारा, पाणी आणि शौचालय देण्याचे बंधन कारखान्यांवर प्रत्यक्षात कोण घालणार? गाळप संपले की कोप्या मोडतात आणि पुढच्या हंगामात त्याच मोकळ्या रानात पुन्हा उभ्या राहतात.