पत्रिकेआधी रक्ततपासणी

सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या चोपडा, यावल, शिरपूर या तालुक्यांतील भिल्ल, पावरा आदी आदिवासी समाजांत सिकलसेल हा रक्तविकार आढळतो. दुसरीकडे सिंधी, पंजाबी, गुजराती मूळ असलेल्या कुटुंबांत थॅलेसेमियाच्या वाहकांचे प्रमाण तुलनेने अधिक आहे. जळगाव-धुळ्याच्या बाजारपेठांत अशी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक आहेत. जैन समाजही या विकाराला सर्वस्वी अपवाद नाही.

दोन्ही विकारांचे मूळ हिमोग्लोबिन घडविणाऱ्या एकाच जनुकातील दोषात आहे. सिकलसेलमध्ये तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना होतात. थॅलेसेमिया मेजरमध्ये हिमोग्लोबिन पुरेसे तयारच होत नाही. त्यामुळे बालकाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त द्यावे लागते आणि शरीरात साठणारे लोह औषधांनी बाहेर काढावे लागते.

वाहक व्यक्ती मात्र रुग्ण नसते. ती सहसा निरोगी आयुष्य जगते. थॅलेसेमियाच्या वाहकाचे हिमोग्लोबिन किंचित कमी असते. म्हणून कित्येकदा त्याला विनाकारण लोहाच्या गोळ्या दिल्या जातात. प्रश्न उभा राहतो तो दोन वाहकांच्या विवाहात. अशा दांपत्याच्या प्रत्येक गर्भधारणेत बाळ रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के असते. पहिले अपत्य आजारी निघाले, म्हणजे पुढील तीन सुरक्षित, ही समजूत चुकीची आहे. एक जोडीदार सिकलसेलचा व दुसरा थॅलेसेमियाचा वाहक असला, तरी बाळाला गंभीर विकार होऊ शकतो.

केंद्र शासनाने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू केले. २०४७ पर्यंत या आजाराचे निर्मूलन हे त्याचे उद्दिष्ट आहे. गावपातळीवर विद्राव्यता चाचणीने प्राथमिक तपासणी होते; परंतु वाहक कोण व रुग्ण कोण हे तिच्यातून कळत नाही आणि थॅलेसेमियाही उमगत नाही. त्यासाठी एचपीएलसी ही तपासणी आवश्यक ठरते.

उपचारांतही प्रगती होत आहे. हायड्रॉक्सियुरियामुळे सिकलसेलच्या वेदनांचे झटके कमी होतात. अस्थिमज्जा प्रत्यारोपणाने आजार बरा होऊ शकतो. पण जुळणारा दाता मिळणे कठीण. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन व अमेरिकेत जनुक-संपादनावर आधारित पहिल्या उपचाराला मान्यता मिळाली. त्याचा खर्च मात्र सामान्य कुटुंबाच्या कल्पनेपलीकडचा आहे. सायप्रसने अनेक दशकांपूर्वीच विवाहपूर्व तपासणी व समुपदेशन यांचा मार्ग धरला आणि तेथे थॅलेसेमियाग्रस्त बालकांचे जन्म जवळजवळ थांबले.

आपल्याकडे परिचय संमेलनांत उंची, शिक्षण, गोत्र, व्यवसाय यांची नोंद होते. रक्ताची होत नाही. कारण भीती आहे ती अहवालाची नव्हे, तर ‘मुलीत दोष आहे’ या कुजबुजीची. वाहक असणे हा दोष नव्हे, हे घराघरांत सांगितले गेले तरच तपासणीला तरुण निःसंकोच पुढे येतील. वाहकाचा विवाह वाहक नसलेल्या व्यक्तीशी झाल्यास अपत्याला हा आजार होत नाही. दोघेही वाहक असतील, तर गर्भारपणाच्या दहाव्या ते बाराव्या आठवड्यात गर्भाची तपासणी करता येते.

महाविद्यालयीन वयातच मुलामुलींची एकदा तपासणी करून घेणे सर्वांत श्रेयस्कर. विवाह ठरल्यानंतरचा अहवाल कुटुंबांना पेचात टाकतो. आधीचा अहवाल मार्ग दाखवतो. रुग्ण बालकांसाठी रक्तदान हे पुण्यकर्म आहेच. येणाऱ्या बालकाला ती वेदना मुळातच टळावी, ही करुणा त्याहून दूरदृष्टीची म्हणावी लागेल.