गौण पात्र आणि नाकारलेला काळ

गौण पात्र गौण का राहते, या प्रश्नाचे उत्तर आपल्या समीक्षेकडे तयार असते : ते गौण आहे म्हणून. पात्र म्हणजे कथनातील एक कार्य, ते कार्य संपले की पात्राचे प्रयोजन संपले, असे संरचनावादाच्या आधाराने सांगितले जाते. आणि पदव्युत्तर वर्गात फॉर्स्टरची ‘सपाट’ व ‘गोलाकार’ पात्रांची विभागणी शिकवून झाली की विषय मिटतो. दीर्घ दूरचित्रवाणी मालिकेच्या संदर्भात हे उत्तर अपुरे आहेच, शिवाय ते सोयीचेही आहे, असे माझे म्हणणे आहे. विज्ञानकल्पित मालिकेत तर ते विशेष सोयीचे ठरते. कारण गुणांनुसार प्रत्येकाला स्थान देणारे भविष्य, हा तिचा जाहीर आशय असतो.

‘स्टार ट्रेक : व्हॉयेजर’ (१९९५-२००१) या अमेरिकन मालिकेतील हॅरी किमचे उदाहरण घेऊ. एन्साइन या सर्वांत कनिष्ठ अधिकारीपदावर तो जहाजावर रुजू होतो, आणि सात हंगामांनंतर मालिका संपते तेव्हाही तो एन्साइनच असतो. घरापासून भरकटलेल्या जहाजावर बढत्या कुठून मिळणार, हा बचाव टिकत नाही. टुव्हॉकला १९९७ मधील भागात बढती मिळते. टॉम पॅरिसची १९९८ मध्ये आज्ञाभंगासाठी पदावनती होते आणि २००० मध्ये त्याला पूर्वीचे पद परत दिले जाते. पॅरिस एक पायरी उतरून पुन्हा चढतो. किम जागचा हलत नाही.

‘या पात्राला पुरेसा वाव मिळाला नाही’ अशी हळहळ व्यक्त करून थांबणे, हा दुसरा सोयीचा मार्ग. ही हळहळ मिनिटांचा हिशेब मांडते, आणि तो हिशेब फसवा आहे. ‘टाइमलेस’ (१९९८) या भागाच्या केंद्रस्थानी किमच आहे. सहकाऱ्यांच्या मृत्यूचा अपराधभाव पंधरा वर्षे वागविणारा, कडवट झालेला किम तेथे दिसतो. आणि भूतकाळात हस्तक्षेप करून तो स्वतःचे तेच आयुष्य पुसून टाकतो. ‘एंडगेम’ (२००१) या अखेरच्या भागात भविष्यातला किम कप्तान झालेला आहे. तेही भविष्य कथानक रद्द करते. किमला प्रौढत्व येते ते दोन्ही वेळा पुढे रद्द होणाऱ्या काळात. मिनिटे त्याला मिळतात, काळ मिळत नाही.

प्रश्न आहे तो येथे. प्रॉपने १९२८ मध्ये पात्रांची कार्ये सांगितली ती परीकथांच्या आधारे. तेथे दाता येतो, वस्तू देतो, जातो. मालिकेत तोच चेहरा आठवड्यामागून आठवडे, वर्षामागून वर्षे आपल्यासमोर येतो. नट वयाने वाढतो आणि पात्र वाढत नाही, तेव्हा ती तटस्थ रचना राहत नाही. ते संहितेने केलेले विधान ठरते. अ‍ॅलेक्स वोलोक याने २००३ मध्ये कादंबरीतील पात्रांना मिळणाऱ्या असमान अवकाशाचा सिद्धान्त मांडला. तो मोलाचा आहे. परंतु मालिकेपुरता विचार करता अवकाशाच्या जोडीला काळाच्या असमान वाटपाचाही विचार करावा लागेल.

मूळ ‘स्टार ट्रेक’मध्ये (१९६६-६९) उहुरा ही कृष्णवर्णीय अधिकारी जहाजाच्या नियंत्रणकक्षात बसते. त्या केवळ उपस्थितीचेही मोल होते. निशेल निकोल्स ही अभिनेत्री मालिका सोडण्याच्या विचारात असता मार्टिन ल्यूथर किंग यांनी तिला थांबण्याचा आग्रह केला, ही आठवण तिने स्वतः अनेकदा सांगितली आहे. तरीही उहुराचे पहिले नाव पडद्यावर उच्चारले गेले ते २००९ च्या चित्रपटात. सुलूचे १९९१ मध्ये. नाव हा पात्राचा भूतकाळ असतो, बढती हा त्याचा भविष्यकाळ. टुव्हॉकची भूमिका कृष्णवर्णीय नटाने केली आहे हे लक्षात घेता, याचा उलगडा केवळ वर्णाच्या सूत्राने करता येणार नाही, हेही मान्य केले पाहिजे. मात्र समतेचा उद्घोष आणि कथनातील उतरंड यांतील विसंगती त्यामुळे नाहीशी होत नाही.

व्यवसायाच्या गरजेपोटी प्रत्येक भाग स्वतंत्र ठेवावा लागतो, पूर्वस्थिती पुनःस्थापित करावी लागते, असा शेवटचा बचाव उरतो. त्याला उत्तर त्याच घराण्यातून मिळते. ‘डीप स्पेस नाइन’मधील (१९९३-९९) नॉग सुरुवातीला चोरी करताना पकडला जाणारा, लिहितावाचता न येणारा पोरगा आहे. तो शिकतो, अधिकारी होतो, १९९८ मधील भागात युद्धात पाय गमावतो; आणि ‘इट्स ओन्ली अ पेपर मून’ हा भाग त्याच्या खचण्याला व सावरण्याला दिला जातो. शीर्षकश्रेयांत या नटाचे नाव नाही. नॉग गौणच राहतो. पण काळ त्याच्यावर उमटतो.

ऊर्मिलेची उपेक्षा रवींद्रनाथांनी ‘काव्येर उपेक्षिता’ या निबंधात मांडली, तेव्हापासून उपेक्षित पात्रांविषयीचा कळवळा आपल्या परिचयाचा आहे. त्या कळवळ्याने वाचकाची कल्पनाशक्ती जागी केली, हे खरे. आज समीक्षेने त्यापुढे जाऊन विचारावे : या पात्राला घडलेले पुढच्या भागात आठवते का? त्याच्या वाट्याला आलेली जखम टिकते का? हे प्रश्न बाजूला ठेवून ‘गौण’ हा शब्द आपण वर्गात वापरतो, तेव्हा आपण पात्राचे वर्णन करीत नसतो. संहितेने त्याच्यावर केलेल्या अन्यायाला पारिभाषिक मान्यता देत असतो.