‘पगार’ शब्दाचे कूळ आणि घर

मराठीतील ‘पगार’ हा शब्द पोर्तुगीज आहे, एवढे नोंदवून त्याची व्युत्पत्ती संपली असे मानण्याचा प्रघात आहे. तो शब्दाच्या इतिहासाला न्याय देणारा नाही. कारण या प्रवासात पोर्तुगीज हा आरंभही नव्हे आणि अखेरही नव्हे.

लॅटिनमध्ये ‘पाक्स’ म्हणजे शांती आणि तिच्यावरून साधलेले ‘पाकारे’ म्हणजे शांत करणे. उत्तरकालीन लॅटिनमध्ये धनकोला शांत करणे, म्हणजेच त्याचे देणे फेडणे, असा अर्थ त्याला आला. स्पॅनिश व पोर्तुगीज ‘पगार’, इटालियन ‘पगारे’ आणि फ्रेंच ‘पेये’ ही क्रियापदे याच अर्थाची होत. तथापि मूळ अर्थ सर्वस्वी लोपला नाही. इटालियन ‘अप्पगारे’ म्हणजे तृप्त करणे. स्पॅनिश व पोर्तुगीज ‘अपगार’ म्हणजे दिवा अथवा आग विझविणे. रुमानियन भाषेने पैसे देण्यासाठी स्लाव्ह कुळातील शब्द स्वीकारला. पण ‘पाकारे’पासूनच आलेले तिचे ‘इम्पका’ आजही समेट घडविण्याचा अर्थ सांगते.

मराठीने जे केले ते याहून वेगळे आहे. तिने क्रियापद घेऊन त्याचे नाम केले. पोर्तुगीज मनुष्य कर, दंड, कर्ज असे सारेच ‘पगार’ करतो, परंतु मासिक वेतनाला तो ‘सालारियु’ म्हणतो. मराठीत मात्र ‘पगार’ हा केवळ चाकरीचा ठरावीक मोबदला. त्याला फारसी प्रत्यय जोडून ‘पगारदार’ झाला, आणि ‘बिनपगारी फुल अधिकारी’ या उक्तीत तर तो विनोदाचाही विषय बनला.

मोन्सिन्योर सेबास्तियाव रोदोल्फो दलगादो या गोमंतकीय पंडिताने आशियाई भाषांतील पोर्तुगीज शब्दांचा कोश १९१३ मध्ये प्रसिद्ध केला. त्यापुढचे कार्य म्हणजे कोकणी, गुजराती व कन्नड यांतही आढळणाऱ्या ‘पगार’ शब्दाचा प्रत्येक भाषेतील अर्थविस्तार तौलनिक रीतीने तपासणे.

शासकीय लेखनात ‘वेतन’ हा प्राचीन संस्कृत शब्द अवश्य असावा. पण परकीय म्हणून ‘पगार’ गौण लेखणे शास्त्रीय नव्हे. शब्द कोठून आला हे त्याचे कूळ सांगते. तो कोणाचा झाला हे त्याचे व्याकरण व अर्थ ठरवितात. या कसोटीवर ‘पगार’ निःसंशय मराठी आहे.