‘डन’ म्हणजे नक्की काय?

ऑफिसातला सगळ्यात स्वस्त शब्द कोणता, सांगा बघू? ‘डन’! स्टेटस मीटिंगमध्ये आपलं नाव आलं, की ‘डन’ म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. टेस्टिंग थोडं राहिलंय, एक कोपरा कच्चा आहे... असू दे की, नंतर पॅच मारू! मीही याच पंथातला. माझी ही खोड मोडली ती एका विमानाने. तेही बॅगेज-बिगेजवालं मोठं विमान नव्हे, तर चक्क रिमोटवर उडणारं.

झालं असं, की २०२३ च्या नोव्हेंबरात कंपनीने मला सहा महिन्यांसाठी श्टुटगार्टला पाठवलं. माझा आतेभाऊ, म्हणजे आमचा दादा, तिथलाच झालाय. हिवाळ्यात तिकडे साडेचारलाच अंधार. वीकेंडला करायचं काय? तर दादाच्या घराच्या तळघरात जाऊन बसायचं. तिथले मॉडेलवाले उन्हाळ्यात विमानं उडवतात आणि हिवाळाभर बांधतात. त्या वर्षी तळघरात एक भलंमोठं खोकं येऊन पडलं होतं. “या खोक्याच्या पैशात एक छोटी कार आली असती,” वहिनी कॉफी देताना म्हणाली. दादाने ऐकलंच नाही. नवरे असंच करतात.

खोक्यात फायबरचं धड, पंख आणि शेपटीचे भाग. सगळं साच्यातच रंगून आलेलं. लांबी सव्वादोन मीटर, म्हणजे माझ्यापेक्षा उंच! आणि वेगळ्या छोट्या डब्यात इंजिन. थर्मासएवढं, वजन दीड किलो. पण हे खरंखुरं जेट इंजिन, बरं का! पुढून हवा ओढायची, दाबायची, त्यात रॉकेल जाळायचं आणि मागून झोत सोडायचा. त्याच झोतावर टर्बाइन फिरतं आणि तेच पुढच्या कॉम्प्रेसरला फिरवतं. मिनिटाला सव्वा लाख फेरे! मागून निघणारी हवा सहाशे-सातशे अंश सेल्सिअस. दीड किलोचं इंजिन साधारण १४ किलोचा रेटा देतं.

एवढंसं जेट इंजिन बनवणं एकेकाळी अशक्यच मानलं जायचं. मग १९८० च्या दशकाच्या शेवटी कुर्ट श्रेकलिंग नावाच्या जर्मन हौशी माणसाने ते घरी बनवून दाखवलं. त्याच्या कॉम्प्रेसरचं चाक कशाचं होतं? प्लायवूडचं, वरून कार्बन फायबर गुंडाळलेलं! आज इंजिनाला स्वतःचा छोटा कॉम्प्युटर असतो. तो स्टार्टर फिरवतो, इंधन पेटवतो, तापमान बघतो आणि काही बिनसलं तर इंजिन बंद करतो. आपण फक्त बटण दाबायचं.

पण त्या बटणापर्यंत पोचायला आम्हाला पाच महिने लागले. रॉकेलमध्ये पाच टक्के ऑइल मिसळायचं, कारण इंजिनाच्या बेअरिंगला तेवढंच वंगण मिळतं. मुख्य टाकीनंतर आणखी एक छोटी टाकी बसवायची, कारण नळीतून एक मोठा बुडबुडा इंजिनात गेला की आग विझते आणि हवेतलं जेट क्षणात ओझं होऊन जातं. विमानाचा तोल बघायचा तो मुख्य टाकी रिकामी ठेवून, कारण उतरताना ते तसंच असणार. प्रत्येक ‘का’ला उत्तर होतं. दादाकडे एक वही होती. काम झालं, की त्यापुढे तारीख आणि करणाऱ्याची सही.

जानेवारीतल्या एका रविवारी दादाने मला एलिव्हेटरचे हॉर्न चिकटवायला सांगितले. एलिव्हेटर म्हणजे शेपटीचा वर-खाली हलणारा भाग. सर्व्हो मोटरचा दांडा त्याला जिथे जोडतात, तो फायबरचा बारकासा तुकडा म्हणजे हॉर्न. तो खाचेत बसवण्याआधी दोन्ही बाजू सँडपेपरने चांगल्या खरवडायच्या असतात. गुळगुळीत पृष्ठभागावर इपॉक्सी वरवर धरतं, आत पकडत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला माझं रिलीज होतं. फोन सारखा वाजत होता. उजवा हॉर्न मी नीट खरवडला. डावा... नुसता फडक्याने पुसला आणि चिकटवून टाकला.

“घासलंस ना रे?” दादाने वरून विचारलं.

“डन!” मी म्हणालो आणि वहीत सही केली.

फेब्रुवारी गेला, मार्च गेला. वायरिंग झालं, चाकं आत-बाहेर होऊ लागली. अंगणात इंजिन पहिल्यांदा सुरू केलं तेव्हा मी हातात कार्बन डायऑक्साइडचं फायर एक्स्टिंग्विशर धरून उभा होतो. आधी बारीक शिट्टी, मग किंचाळी आणि मग थेट एअरपोर्टचा वास! दादाच्या चेहऱ्यावर दहावीचा निकाल लागल्यासारखा आनंद. माझं लक्ष मात्र शेपटीकडे.

एप्रिलात शनिवारी पहिलं उड्डाण ठरलं. शुक्रवारी रात्री जेवताना दादा सहज सांगत होता, की हे ताशी ३०० किलोमीटरने जाईल. मी मनात हिशेब केला. सेकंदाला ८० मीटरपेक्षा जास्त. त्या वेगात हॉर्न सैल झाला तर एलिव्हेटर फडफडू लागतो आणि डोळ्याचं पातं लवेपर्यंत शेपूट तुटते. मग १४ किलोचं धूड आणि पोटात रॉकेल. मैदानावर क्लबची माणसं असणार, त्यांची मुलंही असणार.

घास खाली जाईना. “दादा, डावा हॉर्न मी घासला नव्हता.”

दादा काहीच बोलला नाही. ताटावरून उठला, तळघरात गेला. मी मागोमाग. त्याने पक्कड घेतली आणि उजवा हॉर्न ओढला. ढिम्म! डावा ओढला. दुधाचा दात पडावा तसा अलगद हातात आला.

त्याने ओरडायला हवं होतं. ओरडला नाही. “घाई होती हे सांगायचं होतंस. मी केलं असतं,” एवढंच म्हणाला. मग वहीत माझी सही खोडली आणि सँडपेपर माझ्या हातात दिला.

शनिवारचं उड्डाण रद्द. क्लबमध्ये दादाने सांगितलं, “काम बाकी आहे.” कोणी का म्हणून विचारलं नाही. तिथे ते पुरेसं कारण असतं.

मे महिन्यात, मी परतायच्या आठवडाभर आधी, ते उडलं. सात मिनिटं. त्या सात मिनिटांत मी श्वास किती वेळा घेतला, आठवत नाही. उतरल्यावर इंजिन बंद झालं तरी स्टार्टर ते थांबून थांबून फिरवत होता. आतली उष्णता बाहेर काढण्यासाठी. आम्ही दोघं शेजारी उभे राहून तो घरघर आवाज ऐकत राहिलो.

तुम्हालाही खुमखुमी आली असेल, तर आधी फोमच्या ट्रेनर विमानावर हात बसवा आणि जाणत्या माणसाबरोबर उडवा. आपल्याकडे २०२१ चे ड्रोन नियम आहेत. त्यात २५ किलोपर्यंतचं, नजरेच्या टप्प्यात हौसेखातर उडवायचं ते ‘मॉडेल’. कुठे उडवता येतं याचा सरकारी नकाशाही आहे. सोसायटीच्या गच्चीवरून प्रयोग नकोत, प्लीज!

आणि हो, पुण्याला परतल्यावर पहिल्याच मीटिंगमध्ये मॅनेजरने विचारलं, “डन?”

“नाही,” मी म्हणालो. “एक बाजू घासायची राहिलीय. उद्या दुपारी देतो.”

कोणाला काही कळलं नाही. पण मुदत मिळाली!